पहिल्या बाणाचं डुक्कर

अलोइसदादाने डुक्कर आणलं तेव्हा मी अंगणात साबू, म्हणजे ताडाच्या गाभ्याचं पीठ, भिजवत होते. हातातलं भांडं तिथेच टाकून मी पळत सुटले. डुक्कर केवढं आहे, सुळे केवढे आहेत, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. ते ताजं आहे ना, एवढंच मला बघायचं होतं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा धाकटा भाऊ लिनस बायकोमुलांना घेऊन ट्रकने किनाऱ्याला जाणार होता, आणि तिथून बोटीने समुद्रापलीकडच्या तेलताडांच्या मळ्यावर. त्याआधी हे डुक्कर त्याच्या पोटात गेलं पाहिजे होतं.

आमच्या डोंगरात मारणारा खात नाही. ज्याच्या हत्याराने जनावर पडलं, त्याने त्यातला तुकडाही तोंडात घालायचा नाही. घातला तर त्याचा हात मरतो, पुन्हा शिकार लागत नाही, आणि घरातली लेकरं खंगत जातात. आपण मारलेलं भावाला द्यायचं, भावाने मारलेलं आपण खायचं. माझे दोन्ही भाऊ असेच एकमेकांच्या हातचं खाऊन वाढले. आणि गेल्या सुरणाच्या काढणीपासून दोघांनी एकमेकांचा घास घेतला नव्हता. दादाचं डुक्कर जायचं क्लारावहिनीच्या माहेरी, लिनसचं जायचं त्याच्या बायकोच्या, ल्युडविनाच्या माहेरी. नवरा गेल्यापासून मी या दोघांच्या घरांच्या मधल्या घरात राहते. दोन्ही बाजूंनी भाजण्याचा वास यायचा आणि मी दोघांच्या नावाने बोटं मोडत उकडलेला पाला खायचे.

भांडण कशावरून, तर कुत्र्यावरून. लिनसचा पुकपुक. आमच्याकडे मगरीला पुकपुक म्हणतात. तोंडही तसंच होतं त्याचं, एकदा धरलं की सोडायचं नाव नाही. घळीत त्याने एका डुकराचा कान धरून ठेवला होता. दादाने भाला फेकला, डुक्कर गर्रकन वळलं, आणि भाला कुत्र्याच्या बरगड्यांत शिरला. शिकारीत असं होतं, माणसंसुद्धा मरतात. पण लिनस मेलेलं कुत्रं खांद्यावर टाकून गावात आला, सगळे जमले, आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "कुत्राच मध्ये आला." झालं. त्या एका वाक्याने सगळं नासलं. लिनसने पुकपुकला घराच्या पायरीशी पुरलं आणि त्या दिवसापासून दादाला दादा म्हणणं सोडलं.

मळ्यावर जायचं ठरल्यावर मी दोन्ही घरांचे उंबरे झिजवले. आमच्यात भावाचं न खाता जो गाव सोडतो तो भाऊ उरत नाही. त्याची मुलं आणि याची मुलं उद्या रस्त्यात भेटली तर परकी म्हणून भेटतात. लिनसपुढे मी रडले, शिव्या दिल्या, आईची आठवण काढली. शेवटी तो म्हणाला, "ताई, डोकं नको खाऊस. त्याला म्हणावं डुक्कर आणून माझ्यापुढे ठेव. खाईन मी. पण मी तोंडाने मागणार नाही."

तेवढं ऐकून दादा जंगलात गेला होता, आणि आता आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले, आणि चेहऱ्यावर पोरासारखं हसू.

"एवढ्या सगळ्या रात्री तू जंगलात काढल्यास," क्लारावहिनी म्हणाली, "मी तर तुझी चटई शेजारच्या विधुराला द्यायला निघाले होते."

"दे की," दादा म्हणाला. "घोरायला लागलीस की आणून देईल परत."

किती दिवसांनी त्या अंगणात कोणी हसलं. आम्ही पालापाचोळा पेटवून डुक्कर आचेवर फिरवलं, केस जाळले आणि बांबूच्या पातीने कातडं खरवडून पांढरं केलं. वहिनीने केळीची पानं अंथरली. दादाने पोट उघडलं. हे काम तो कोणाला करू देत नाही. आमच्या बाबांनी त्याचा हात धरून शिकवलेलं ते. सुरीचं टोक वर ठेवायचं, दोन बोटं आत घालून कातडं उचलून धरायचं, म्हणजे आतडं फुटत नाही. पित्ताची पिशवी त्याने कलेजीपासून अलगद सोडवली, पानात गुंडाळली, लांब नेऊन पुरली. कलेजी अख्खी निघाली, गुळगुळीत, एक डाग नाही. दादाने ती दोन्ही हातांवर धरून मला दाखवली.

"ही आधी त्याला," तो म्हणाला. "बघ, कशी आहे."

"छान आहे," मी म्हटलं. "लवकर आवर. ऊन चढतंय."

ऊन चढायला लागलं की आमच्याकडे मांस थांबत नाही. माशा घोंगावू लागल्या होत्या. वहिनी आतड्यांची टोपली घेऊन ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली. दादा पुढच्या पायाचा फरा खांद्यापासून सोडवत होता आणि सुरी मध्येच अडली. त्याने जोर दिला, तर पिवळा पू बाहेर आला. असा वास सुटला की मी तोंड फिरवलं.

"जुनी जखम आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या डुकराने सुळा मारला असेल. चहूबाजूंनी चांगलं चार बोटं कापून काढतो, बाकी मांसाला काही झालेलं नाही. हा गोळा लांब टाकून ये आणि फरा वाहत्या पाण्यात धू."

मी गोळा पानात घेतला आणि ओढ्यावर गेले. टाकणारच होते. पण पानातून बोटाला काहीतरी टोचलं. मला वाटलं हाड असेल, पण खांद्याच्या त्या जागी एवढंसं सुटं हाड नसतं. पाण्यात धरून पू धुतला तर बाणाचं टोक निघालं. काळ्या ताडाचं, बोटभर लांब, मागून मोडलेलं. त्याच्या कडेला दाते कोरलेले होते. आमच्याकडे सगळे पुरुष दाते उजवीकडून कोरतात. हे डावीकडून कोरलेले होते. सगळ्या गावात डावखुरा एकच आहे, आणि लहानपणी त्याचा तो हात बाबा दोरीने बांधून ठेवायचे.

मी पाण्यातच बसले. आमच्या कायद्यात ज्याच्या बाणाने पहिलं रक्त काढलं, जनावर त्याचं, मारणाराही तोच धरायचा. मग पुढे ते कोणी का पाडेना, कितीही दिवसांनी का पाडेना. म्हणजे हे डुक्कर दादाचं नव्हतंच. लिनसचं होतं. दादा त्याला त्याचंच डुक्कर खाऊ घालायला निघाला होता.

दादा हात धुवायला ओढ्यावर आला. मी काही बोलले नाही, तळहात उघडून दाखवला. त्याने टोक उचललं, उलटंसुलटं करून बघितलं. चेहऱ्यावरचं हसू कुठच्या कुठे गेलं.

"टाक ते," तो म्हणाला.

"दादा."

"पाण्यात टाक. तू काही पाहिलं नाहीस, मी काही पाहिलं नाही."

"त्याचा हात मरेल."

"मरू दे!" तो ओरडला, आणि मग वहिनी ऐकेल म्हणून आवाज खाली आणला. "कुठे जातोय तो, हर्मिना? मळ्यावर. तिथे झाडांच्या रांगा आहेत नुसत्या. जंगल नाही, डुक्कर नाही, काही नाही. तिथे हाताचं काय करायचंय त्याला? घड तोडायचे आणि गाडीत टाकायचे. त्याला मेलेला हातही पुरेल."

मला इतका राग आला की मी ओला फरा त्याच्या अंगावर फेकणार होते. आणि खरं सांगायचं तर, राग यायच्या आधी क्षणभर मला त्याचं पटलंही होतं. उद्या सकाळी ट्रक होता. दुसरं डुक्कर आणायला वेळ नव्हता. हे टोक ओढ्यात गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत माझे दोन भाऊ पुन्हा भाऊ झाले असते.

"आणि त्याची पोरं?" मी म्हटलं. "ती खंगली तर? त्या परमुलखात कोण आहे त्यांना?"

दादाने हातावरचं रक्त पाण्यात चोळलं. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "हे त्याचं निघालं तर माझ्याकडे द्यायला काहीच नाही. उलट त्याने मला द्यायचं. मला? तो मला देईल? माझ्या हातून त्याचा कुत्रा गेला. तो ल्युडविनाच्या भावांना बोलावून सगळं वाटून टाकेल आणि उद्या निघून जाईल."

"जाईल तर जाईल. पण स्वतःचं रक्त खाऊन नाही जाणार." मी त्याच्या हातातून टोक घेतलं आणि झोळीत टाकलं. "तू सांग त्याला. त्याच्या तोंडाशी घास जायच्या आत. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"तू माझी बहीण आहेस की त्याची?"

"दोघांची आहे, हेच माझं दुर्दैव आहे," मी म्हटलं, आणि फरा धुवायला घेतला.

वहिनीने कलेजी निखाऱ्यावर भाजली. बाकीचं कच्चं मांस पानांत बांधून टोपल्यांत भरलं आणि आम्ही तिघं निघालो. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. वाटभर ती एकटीच बोलत होती, पोरांना मळ्यावर शाळा आहे म्हणे, ल्युडविनाला तिकडे साबू मिळेल का, असं काहीबाही. दादा पुढे चालत होता. त्याच्या पाठीवरचा घाम मला दिसत होता, आणि तो सांगेल की नाही हे काही कळत नव्हतं.

लिनसचं घर रिकामं झालं होतं. भांडी गोणीत, चटया गुंडाळलेल्या. अंगण मात्र त्याने झाडून ठेवलं होतं आणि अंगात धुतलेला शर्ट घातला होता. माणूस भांडायला बसणार असेल तर शर्ट बदलत नाही. त्याने सुपारी आणि चुना पुढे केला, पण दादाकडे नाही, माझ्याकडे. मी तो दादाकडे सरकवला.

"ताई, विचार त्याला," लिनस म्हणाला, "कुठे मिळालं."

दादा अवघ्या चार हातांवर बसला होता.

"बांबूच्या घळीत, सांग त्याला," दादा म्हणाला.

"दोघांचे कान शाबूत आहेत ना?" क्लारावहिनी म्हणाली. "हर्मिनाला कशाला दमवता?"

ल्युडविना हसली. लिनसही हसला असता, पण त्याने ओठ दाबून धरले. सुपारी चघळत तो म्हणाला, "त्या घळीत मी पण एकावर बाण टाकला होता, ताई. दोन-तीन पौर्णिमा झाल्या असतील. लागला नीट. खांद्यातच लागला. पण गेलं पळून. धरून ठेवायला कोणी नव्हतं."

दादाची मान खाली गेली. मला वाटलं, आता. आता बोल. देवाने तुझ्यापुढे वाट करून दिली आहे, बोल. पण दादाने टोपलीतून पान काढलं आणि लिनसपुढे उघडलं. कलेजी अजून गरम होती. आमच्या रीतीप्रमाणे देणाऱ्याने म्हणायचं असतं, "मी रिकामा झालो." मग घेणाऱ्याने पहिला तुकडा उचलायचा. दादाने तोंड उघडलं आणि नुसताच बसून राहिला. लिनसला वाटलं असणार, दादाला शब्द फुटत नाहीये. त्याने त्या शब्दांसाठी थांबायचंही सोडलं. मोठेपणा केला म्हणा ना. तुकडा मोडला आणि उचलला.

माझा हात झोळीत होता. मी ओरडणारच होते. पण दादा गुडघ्यांवर पुढे झेपावला आणि त्याने लिनसच्या हातावर फटका मारला. तुकडा मातीत पडला.

"खाऊ नको!"

कुत्रा मेल्यापासून त्याने लिनसला थेट उच्चारलेले हे पहिले शब्द. लिनस उठून उभा राहिला. रागाने काळाठिक्कर पडला होता.

"देऊन हिसकावून घेतोस? माझ्या अंगणात?"

"ते तुझं आहे," दादा म्हणाला. "तुझं डुक्कर आहे ते. पहिला बाण तुझा होता."

मी टोक काढून पानावर ठेवलं. लिनसने ते उचलायची गरज नव्हती. लांबूनच त्याला ओळखू आलं. तो पुन्हा खाली बसला.

"कधी सापडलं?"

"सकाळी," दादा म्हणाला. "कापताना."

"सकाळी. आणि तरी इथवर आणलंस. भाजून आणलंस." लिनसचा आवाज चिरका झाला. "माझ्या तोंडात माझंच रक्त घालायला?"

"हो."

"माझी पोरं इथे बसली आहेत."

"हो. मला दिसत होती." दादा रडत होता. आयुष्यात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. "तू उद्या जाणार. माझ्याकडे दुसरं काय होतं? तू न खाता गेलास तर मी कोणाला देऊ, कोणाचं खाऊ? लिनस, तो कुत्रा मध्ये आला नव्हता. मी घाई केली. डुक्कर मला आधी पाडायचं होतं, तुझ्या आधी. कुत्र्याने ते धरून ठेवलं होतं, मला थांबता आलं असतं."

लिनस त्याच्याकडे बघतच राहिला. हे वाक्य त्याला त्या दिवशी गावासमोर हवं होतं. आता ते असं मिळालं होतं, मातीत पडलेल्या घासाबरोबर, आणि त्याचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. क्लारावहिनी तोंडावर हात धरून बसली होती.

शेवटी ल्युडविना बोलली. बाई रोखठोक आहे. "मांस उन्हात आहे," ती म्हणाली. "तुझं आहे तर तूच ठरव. माझ्या भावांना बोलावणं पाठवू? अंधार पडायच्या आत येतील."

दादाने मान वर केली नाही. ओढ्यावर त्याने सांगितलं होतं तेच घडत होतं. मी लिनसला काही म्हणणार नव्हते. म्हणायचं होतं ते सगळं माझं आधीच म्हणून झालं होतं.

लिनस बराच वेळ टोपल्यांकडे बघत बसला. माशांना हाकलायचं भानही कोणाला नव्हतं. मग त्याने पानावरच्या कलेजीचा मोठा तुकडा मोडला, उठला, दादासमोर जाऊन बसला. दादाचा हात धरून ओढला आणि तुकडा त्याच्या तळव्यावर आपटल्यासारखा ठेवला.

"मी रिकामा झालो," तो म्हणाला. "खा."

दादा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

"खा म्हटलं ना. सगळं तुझं आहे. टोपल्यांसकट घेऊन जा. पण आधी माझ्यासमोर खा."

दादाने खाल्लं. नाक गळत होतं, डोळे गळत होते, आणि तो चावत होता. लिनस त्याच्या जबड्याकडे बघत होता, शेवटचा घास गिळेपर्यंत. त्याच्या चेहऱ्यावर माया नव्हती. राग पूर्ण गेला होता असंही मी म्हणणार नाही. मग तो उठला आणि उरलेलं सामान बांधायला घरात गेला. आम्ही टोपल्या उचलून परत आलो. त्या रात्री दादाच्या घरी सगळ्यांनी मांस खाल्लं, मी पण खाल्लं, पण मला त्याची चव आठवत नाही.

सकाळी ट्रक आला. लिनस गोण्यांवर चढून बसला, पोरं त्याच्या मांडीवर. मी ल्युडविनाच्या गळ्यात पडून रडून घेतलं. दादा आला होता, पण सुपारीवाल्याच्या झोपडीपाशी लांब उभा होता. जवळ यायची त्याची हिंमत होत नव्हती आणि लिनस एकदाही त्याच्या दिशेने बघत नव्हता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, गाडी सुरू झाली. तेव्हा लिनसने मान वळवली.

"दादा," तो मोठ्याने म्हणाला. "माझं एक डुक्कर खाल्लं आहेस तू. मला परत हवंय ते."

आमच्यात खाल्लेलं फेडावंच लागतं. आणि डुक्कर काही बोटीने पाठवता येत नाही, पलीकडे पोचेपर्यंत त्याचा चिखल होईल. ज्याला ते हवं असेल त्याला इथे, या डोंगरात येऊनच खावं लागतं. लिनसला हे माझ्याइतकंच माहीत होतं. ल्युडविनाच्या भावांना बोलावून तो मोकळा होऊ शकला असता. झाला नाही.

दादाने हात वर केला आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग माझ्याजवळ आला.

"मळ्यावरून माणसं येतात ना गं परत?" त्याने विचारलं.

"येतात की," मी म्हटलं. आमच्या गावातून गेलेल्यांपैकी कोण कोण आलं ते मी मनात आठवायला लागले, आणि मग आठवणं थांबवलं.